वरच्या पापणीची ब्लेफरोप्लास्टी: किती कातडी ठेवली, ते आधी विचारा

वरच्या पापणीवरून लोंबणारी कातडी हटवायची, तर ब्लेफरोप्लास्टीइतका, म्हणजे पापणीच्या शस्त्रक्रियेइतका, टिकाऊ उपाय दुसरा नाही. बहुतेक वेळा तेवढ्या जागेची भूल पुरते, काम तास-दीड तासात आटोपतं, टाके पाच ते सात दिवसांत निघतात आणि व्रण पापणीच्या घडीत लपून जातो. तरीही काही डोळे नंतर कायमचे दचकलेले किंवा खोल गेलेले दिसतात. बहुतेकदा तिथे कातडी नाहीतर चरबी गरजेपेक्षा जास्त काढलेली असते. थोडी कातडी राहिली तर पुढे सहज काढता येते. जास्त गेली तर दुसरीकडच्या कातडीचं कलम लावावं लागतं, आणि पापणीवरचं कलम नजरेतून सुटत नाही.

सगळी मदार आखणीवर. ती रुग्णाला बसवून, नजर समोर ठेवून आणि भूल टोचण्याआधीच व्हावी. आडवं झाल्यावर भुवई वर सरकते, भुलेच्या औषधाने कातडी फुगते, मग मापं चुकतात. खालची रेघ स्वतःच्या घडीवर घेतात: पापणीच्या कडेपासून स्त्रियांमध्ये साधारण 8 ते 10 मिमी, पुरुषांमध्ये 6 ते 8. पूर्व आशियाई डोळ्यांत घडी मुळातच खाली असते. पुरुषाची घडी उंच नेली की चेहऱ्याची ठेवणच बदलते, आणि हे फार वेळा घडतं. वरची रेघ चिमट्याने ठरवतात. डोळा मिटलेला असताना जादा कातडी चिमटीत धरली की पापणीचे केस जेमतेम वर वळावेत. पापण्यांमध्ये फट पडली, तर माप जास्त झालं. पापणीची कड ते भुवईची खालची कड यांत एकूण सुमारे 20 मिमी कातडी उरावी, हा जुना आणि भरवशाचा हिशेब. छेद नाकाच्या बाजूला अश्रूछिद्राच्या (पापणीच्या आतल्या कोपऱ्याजवळचं, अश्रू वाहून नेणारं बारीक भोक) पलीकडे गेला तर तिथे कातडीचा ताणलेला पडदा तयार होतो. बाहेरचं टोक हसताना पडणाऱ्या सुरकुतीत किंचित वर वळवतात.

चरबीच्या बाबतीत हात आखडताच हवा. नाकाकडच्या कोपऱ्यातली फिकट चरबी फुगवटा देते, ती थोडी काढणं योग्य. मधली पिवळी चरबी मात्र शक्यतो ठेवावी. ती गेली की भुवईखाली खळगा पडतो आणि माणूस म्हातारा दिसू लागतो. बाहेरच्या बाजूला चरबी नसते, तिथे अश्रुग्रंथी असते. तिथला फुगवटा चरबी समजून कापणं ही गंभीर चूक.

काही तक्रारींवर ही शस्त्रक्रियाच चुकीची निवड ठरते. भुवई खाली उतरलेली असेल तर कातडी कापून ती आणखी ओढली जाते. पापणीची कडच बुबुळावर उतरली असेल तर दोष पापणी उचलणाऱ्या स्नायूत आहे, आणि त्याची दुरुस्ती वेगळी. बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण 4 ते 5 मिमी असतं. हे माप न घेता तारीख देणाऱ्या दवाखान्यातून सरळ परत यावं. डोळे कोरडे पडतात का, ही चौकशीही तितकीच आवश्यक, कारण नंतर काही काळ पापणी पूर्ण मिटत नाही आणि कोरडेपणा वाढतो.

नमुन्याचे फोटो पाहताना भुवईकडे लक्ष द्या. आधीच्या फोटोत ती सैल आणि नंतरच्या फोटोत उचललेली असेल, तर तुलना फसवी आहे. डोळे मिटलेला फोटोही मागा. व्रण आणि पापणी मिटते का, हे त्यातच कळतं.

पहिले दोन दिवस थंड शेक, डोकं उंच ठेवून झोप, रात्री मलम. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. ती मनाने बंद करू नका. तीव्र वेदना, डोळा पुढे येणं किंवा नजर मंदावणं ही डोळ्यामागच्या रक्तस्रावाची लक्षणं. तो क्वचित होतो, पण सकाळपर्यंत थांबलं तर दृष्टी जाऊ शकते. एरवी बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, घडी बसायला काही महिने लागतात. दोन्ही डोळ्यांत बारीक फरक दिसला तरी दुरुस्तीचा निर्णय सहा महिन्यांआधी घेऊ नये.