डेस्कटॉप कॉम्प्युटर घेताना टॉवर (वेगळा डबा, वेगळा मॉनिटर) की ऑल-इन-वन (सगळं स्क्रीनच्या मागेच)?
पाच-सात वर्षं वापरायचा असेल तर टॉवरच घ्या. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेला की फरक कळतो. टॉवरच्या मागचे एसएमपीएसचे चार स्क्रू काढा, २४ पिनचा आणि बाकीचे कनेक्टर सोडवा, नवा एटीएक्स (ठरलेल्या मापाचा) एसएमपीएस बसवा, झालं. (काही ब्रँडेड टॉवरमध्ये माप वेगळं असतं, घेतानाच बघा.) ऑल-इन-वनचा पॉवर बोर्ड बहुतेक वेळा त्या मॉडेलपुरताच, तो मिळेपर्यंत मशीन बंद.

रॅमचंही तेच. टॉवरच्या रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी पट्टी बसते, फक्त रॅमची पिढी डीडीआर४ की डीडीआर५ ते तपासा. खाच वेगळी असते, जोर लावू नका. ॲपलच्या ऑल-इन-वनमध्ये, म्हणजे २०२१ च्या २४ इंची आयमॅकमध्ये, रॅम चिपसोबतच येते, नंतर वाढत नाही.

ऑल-इन-वनने टेबल मोकळं राहतं, हे खरंच. पण स्क्रीनचं पॅनेल गेलं की अख्खा कॉम्प्युटर दुरुस्तीला जातो. टॉवरला फक्त दुसरा मॉनिटर जोडायचा.