पुठ्ठा की कॅड?
सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला भाचा विचारत होता, उसाचे डोळे (लागवडीसाठी कांडीवरचे कोंब) काढायचं यंत्र आधी पुठ्ठ्यात करू की थेट कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये?

खर्चाचं सोडा, पुठ्ठा रद्दीतला आणि कॅड कॉलेजचं. खरा फरक सुचण्यात आहे. पुठ्ठ्याचा दांडा हातात धरला की मनगट कुठे अवघडतं ते लगेच कळतं. पडद्यावर मनगटच नसतं! पण मॉडेलवर दोन दिवस घालवले की ते मोडवत नाही, डोकं त्याच कल्पनेभोवती फिरतं. नमुना समोर ठेवला की डिझाइन करणारे त्यातल्या चुकाही उचलतात, हे जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं. म्हणून तासाभरात होईल असं ओबडधोबडच करावं.

मापं बदलायला कॅडच.

यंत्रणा ठरली नसेल तर पुठ्ठा. वर्कशॉपला ड्रॉइंग द्यायचं असेल तर कॅड.