मसाल्यासाठी छोटा ग्राइंडर: धने-जिऱ्यात पास, हळकुंडात नापास

कॉफीच्या बिया दळायला म्हणून मिळणारा दोन पात्यांचा छोटा ग्राइंडर घरच्या मसाल्यासाठी घ्यावा का? घ्यावा, पण घेताना वॅटच्या आकड्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. स्टीलचं भांडं सुटं निघतं का, आणि झाकण कशाचं आहे? भांडं मोटरीला जोडलेलंच असेल तर ते धुता येत नाही, नुसतं ब्रशने झाडावं लागतं. मग आज दळलेल्या जिऱ्याचा वास उद्याच्या वेलचीत येतो.

झाकणाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लवंगेतलं तेल, म्हणजे युजेनॉल, काही पारदर्शक प्लास्टिकला चक्क खातं. थोड्या दिवसांत झाकण आतून धुरकट होतं, बोट फिरवलं तर चिकट लागतं आणि पुढे कडेला बारीक तडे जातात. धुऊन ते धुरकटपण जात नाही, कारण तो डाग नसतो, प्लास्टिकच झिजलेलं असतं. स्टीलचं आतलं झाकण असलेलं मॉडेल मिळालं तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. नाही मिळालं, तर लवंग खलबत्त्यात कुटावी. लागते तरी किती!

दळण्याचं म्हणाल, तर ही पाती दाणा चिरडत नाहीत, तोडतात. त्यामुळे तळाशी पीठ आणि वर अख्खे दाणे, असं हमखास होतं. बटण धरून बसण्यात अर्थ नाही. तीन-चार सेकंद चालवायचं, सोडायचं, भांडं तिरकं करून हलवायचं, पुन्हा चालवायचं. असे सहा-सात झटके धने-जिऱ्याला पुरतात. सलग मिनिटभर चालवलं तर भांड्याचा तळ हाताला गरम लागतो, आणि त्या उष्णतेने उडून जातो तो सुवासच. मिऱ्याचा तिखटपणा टिकतो, गंध मात्र जातो. दळताना घरभर घमघमाट सुटला म्हणून खूश होऊ नये, तेवढा वास पुडीतून कमी झालेला असतो.

माप भांड्याच्या निम्म्याच्या आत ठेवावं, पाती मात्र बुडाली पाहिजेत. जास्त भरलं की खाली पूड घट्ट बसते आणि पातं तिच्यातच फिरत राहतं. अगदी कमी घातलं तर दाणे नुसतेच झाकणावर आपटतात.

धने या यंत्राची खरी परीक्षा घेतात. दाणा फुटला की त्याच्या दोन पोकळ वाट्या होतात. आतलं लगेच पीठ होतं, पण सालीचे कागदासारखे तुकडे पात्याच्या वाऱ्याने वर उडत राहतात. ते कितीही फिरवले तरी बारीक होत नाहीत. चाळून घ्यावं, चाळणीवरचं एकदा परत दळावं, तरीही उरेल तो कोंडा टाकून द्यावा. जिरं, बडीशेप, मिरी, वेलचीचे दाणे छान निघतात. मिरची देठ काढून, तोडली की कट्‌कन मोडेल इतकी कोरडी असेल तरच घालावी; वाकणारी मिरची पात्याला गुंडाळते. दळल्यावर पाच मिनिटं झाकण उघडू नये, नाहीतर ठसका ठरलेला. तीळ, खसखस यांचा तेलकट गोळा होतो. जायफळाला किसणीच बरी. हळकुंड अख्खं घालूच नये; पातं वाकतं किंवा झाकण तडकतं.

गुठळ्या झाल्या तर दोष बहुतेक वेळा ग्राइंडरचा नसतो. भाजलेला मसाला कोमट असतानाच घातला की वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन पुडीत उतरते. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. धन्याचा रंग बदलेपर्यंत थांबलात तर त्याच कढईतलं जिरं करपून कडू झालेलं असतं.

मिश्रण करताना चमच्यापेक्षा वजनकाटा वापरावा, कारण चमचाभर धने आणि चमचाभर मिरी यांचं वजन सारखं नसतं. सुरुवातीला ५० ग्रॅम धने, २० ग्रॅम जिरं, १० ग्रॅम मिरी, ५ ग्रॅम दालचिनी, ३ ग्रॅम वेलचीदाणे आणि २ ग्रॅम लवंग घेऊन बघा. लवंग यापुढे गेली की जीभ बधिर होते आणि बाकीचं काही कळत नाही. दालचिनी तुकडे करून आधी एकटी फिरवावी, मग मिरी, शेवटी धने-जिरं. सगळं एकत्र दोनदा चाळलं की मिश्रण एकजीव होतं.

माल वाईट असेल तर कुठलंच यंत्र त्याला चव आणू शकत नाही. चांगल्या लवंगेला नखाने दाबलं की तेल सुटतं. तेल काढून घेतलेली लवंग पाण्यावर आडवी तरंगते, चांगली बुडते किंवा उभी राहते. पाण्यात मिरी वर आली तर ती पोकळ किंवा पपईचं बी असण्याची शक्यता. बी लांबट असतं, मिरी गोल. पातळ थरांची, बोटांनी चुरणारी दालचिनी हा ग्राइंडर सहज दळतो. जाड, एकाच वळणाची, लाकडासारखी असते ती कॅशिया. तिला आधी बत्त्याने फोडावं लागतं.

साफ करायला चमचाभर कोरडे तांदूळ वीस सेकंद फिरवावेत. ते तेल आणि वास दोन्ही ओढून घेतात. मग भांडं धुऊन, अगदी कोरडं करून लावावं. झाकणाची रबरी रिंग दर वेळी काढून पुसावी, तिच्या खाचेत अडकलेली पूड खवट होते आणि पुढच्या दळणात उतरते. घेण्याआधी झाकण आणि ही रिंग सुटी विकत मिळते का, एवढं विचारून घ्या. मसाला दळणाऱ्या घरात मोटरीआधी हीच दोन जातात.