उक्षीजवळचा होमस्टे : खोली तीन स्टार, ओटी पाच स्टार

आधीच सांगतो, मी रेल्वेवेडा माणूस आहे, त्यामुळे बीच, स्विमिंग पूल असलं काही शोधत असाल तर पुढे वाचू नका. संगमेश्वर आणि रत्नागिरीच्या मध्ये उक्षी स्टेशन, तिथून पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि समोरच्या डोंगरावर हे घर. ओटीवर खुर्ची टाकली की ट्रॅक समोर. बुकिंगच्या वेळी मालक काकांनी फोनवर एकच विचारलं, "गाड्या बघायला येताय की झोपायला?"

खरं तर जाऊ की नको असंच चाललं होतं, कारण २०२२ मध्ये कोकण रेल्वेवर सगळीकडे विजेची वायर आली आणि ज्याच्यासाठी आम्ही भर पावसात उक्षीला येऊन भिजायचो तो अल्को इंजिनांचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनांचा आवाज गेला. कल्याण शेडचं डिझेल सुटलं की अख्खी दरी घुमायची राव. आता डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन येतं, सहा हजारांवर हॉर्सपॉवर, पण येतं मांजरासारखं. पहिल्या दिवशी चहा पिता पिता दोन गाड्या समोरून गेल्या, मला कळलंच नाही.

हे रडगाणं काकांसमोर गायलो आणि तिथून खरी मजा आली. काका मध्य रेल्वेतून रिटायर, सगळी नोकरी कल्याण ते लोणावळा. म्हणाले, "विजेचं इंजिन मुकं असतं हे तुला कोणी सांगितलं? आमचा खेकडा बघायला हवा होतास." खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१, १९२८ च्या सुमाराचं, १५०० व्होल्ट डीसीवर भोर घाटात मालगाड्या ओढायचं. पुढे-मागे लांब नाक, मध्ये केबिन, विजेचं असून चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे, चालताना डुलायचं आणि नुसतं उभं असलं तरी कण्हायचं! तो आवाज काकांनी तोंडाने काढून दाखवला, आतून काकू म्हणाल्या, "झालं ह्यांचं सुरू."

पुण्याहून आलेल्या एका मुलाने विचारलं, कोकण रेल्वेवर वाफेची इंजिनं कधी बंद झाली. अरे सुरू कुठे झाली होती! पूर्ण लाइन चालू झाली २६ जानेवारी १९९८ ला, तेव्हा डिझेलचा जमाना. कोकणाने वाफ बघितली ती आगबोटीची. काकांचे वडील जयगडहून आगबोटीने मुंबईला जायचे, आगगाडी त्यांनी पहिल्यांदा बघितली ती भायखळ्याला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला डोळे मिटून बसवलं. सिंगल लाइन असल्यामुळे क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, गाडी थांबते, आणि ती परत निघताना डब्ल्यूएपी-७ चा सूर पायरी पायरीने चढत जातो, हार्मोनियमवर कोणी बोट सरकवत नेल्यासारखा. इतकी वर्षं मी ऐकलाच नव्हता, डिझेल गेलं म्हणून रुसून बसलेलो ना.

जेवण एक नंबर, सकाळी घावणे, दुपारी बांगडा, रात्री कुळथाची पिठी नि भात. खोली मात्र यथातथा, गिझर एक बादली देऊन गार होतो, मोबाइलला रेंज नाही आणि शेवटचा चढ पावसात लहान गाडीला झेपत नाही, बॅगा खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा. ओटीवर डावीकडची खुर्ची पकडा, उजवीकडे फणसाची फांदी बोगद्याच्या तोंडावरच आडवी येते. अर्थात काका आधी येऊन बसले असतील तर विसरा, ते उठत नाहीत.