‘झिंक थेरपी’ गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा

नाशिकला आमच्या वहिनींच्या भिशीत एक बाई यायच्या, स्वतःला वेलनेस कोच म्हणवणाऱ्या. वहिनी डिप्रेशनवर डॉक्टरांनी दिलेली एस्सिटॅलोप्रामची गोळी घेत होत्या आणि चांगल्या सावरल्या होत्या. बाईंनी नेमकं तेच हेरलं. “ताई, त्या गोळ्यांची सवय लागते. तुमच्या मेंदूला झिंक कमी पडतंय, ते भरलं की झालं.” कोर्सचे साडेअकरा हजार रोख मोजून घेतले, बिल नाही. वर सल्ला, की डॉक्टरांची गोळी हळूहळू सोडा.

सोबत एका संशोधनाची झेरॉक्स दिली होती. खरा बेरकीपणा तिथेच, कारण संशोधन अस्सल आहे. पोलंडमधल्या संशोधकांनी 2009 साली ते प्रसिद्ध केलं. डिप्रेशनचे 60 रुग्ण, 12 आठवडे. पण त्यातले सगळेच इमिप्रामिन हे डिप्रेशनवरचं औषध घेत होते. निम्म्यांना जोडीला रोज 25 मिलिग्रॅम झिंक दिलं. फायदा दिसला तो आधीच्या औषधांना दाद न देणाऱ्यांमध्ये, बाकीच्यांत काही फरक नाही. गोळी सोडून झिंक घ्या, असं त्यात कुठेच नाही. बाईंनी ‘जोडीला’ तेवढं गाळलं.

आता डबी बघा. पुढे मोठ्या अक्षरात ‘झिंक ग्लुकोनेट 350 मि.ग्रॅ.’ ग्लुकोनेटमध्ये प्रत्यक्ष झिंक साधारण 14 टक्के, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 50 मिलिग्रॅम. बाईंनी दिवसाला दोन सांगितल्या होत्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशेबाने बाईमाणसाला दिवसाकाठी 13 मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं! मागच्या बाजूला, एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) 14 आकडी परवाना नंबरखाली, मुंगीएवढ्या अक्षरात: ‘औषध म्हणून वापरासाठी नाही’.

आधी मळमळ आणि तोंडाला धातूची चव. गोळी सुटल्यावर चक्कर, रडू, रात्रभर जागरण. “शरीर स्वच्छ होतंय,” बाईंचं उत्तर तयार. कोर्स संपला तरी नवी डबी येत राहिली. पुढे दम लागायला लागला. हिमोग्लोबिन उतरलेलं, पांढऱ्या पेशी कमी, आणि लोहाच्या गोळ्यांनी ढिम्म फरक नाही. फिजिशियननी “अजून काय काय घेता?” असं विचारलं तेव्हा कुठे डबी कपाटातून बाहेर आली. झिंकचा मारा झाला की आतड्यात तांबं अडकतं, रक्तात पोचत नाही, आणि तांब्यावाचून रक्तपेशी नीट बनत नाहीत. तपासणीत तांबं खरंच तळाला गेलं होतं. ही कमतरता फार लांबली तर मज्जारज्जूलाही इजा होते. झिंक बंद झालं, मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी गोळी पुन्हा सुरू केली, आणि रक्त भरून यायला काही महिने गेले.

कंपनी म्हणते, आम्ही फूड सप्लिमेंट विकतो, रोग बरा करण्याचा दावा डबीवर कुठे आहे? तो खरंच नाही. दावा बाईंच्या व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोटमध्ये आहे, आणि वहिनींनी ती पुसलेली नव्हती. ग्राहक हेल्पलाइनला (1915) तक्रार केली आहे. व्हॉइस नोट, डबीचे फोटो आणि रक्ताचे रिपोर्ट त्याला जोडलेत. अजून पैसे परत आलेले नाहीत.