बॉटल पाम गच्चीवर: एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा

गेल्या जूनमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एका नर्सरीतून बॉटल पामचं गुडघाभर रोप आणलं आणि कर्वेनगरच्या आमच्या गच्चीवर १८ इंची कुंडीत लावलं. आता उन्हाळाही पार पडलाय, म्हणून लिहितोय. दिवसभर ऊन मिळत असेल आणि घाई नसेल, तर जरूर घ्या.

एकेक झावळी उघडायला महिने लागतात. समोरच्या खिडकीला आडोसा हवा असेल तर अरेका पाम बरा.

पुण्याची हवा याला मानवली. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तेव्हा वाढ थांबली, इतकंच. पावसाळ्यात मात्र पाणी तुंबता कामा नये. लाल मातीत जाड वाळू सढळ हाताने मिसळा आणि कुंडीची भोकं मोकळी ठेवा.

सगळ्यात जास्त प्रश्न येतो तो पिवळ्या झावळीचा. या पामला एका वेळी चार-सहाच झावळ्या असतात, त्यामुळे एक पिवळी पडली तरी झाड गेल्यासारखं वाटतं. जुन्या झावळीवर पिवळे-नारिंगी ठिपके दिसले तर बहुतेक वेळा पोटॅश (पोटॅशियम हे अन्नद्रव्य) कमी पडलेलं असतं. माळी लगेच कात्री काढतात, त्यांना थांबवा. झाड त्या जुन्या पानातलं पोटॅश ओढून नव्या पोंग्याला, म्हणजे मधल्या न उघडलेल्या कोवळ्या झावळीला, पुरवत असतं. ती झावळी कापली की तिच्या वरची पिवळी पडू लागते. मी सल्फेट ऑफ पोटॅश आणि सोबत थोडं मॅग्नेशियम सल्फेट दिलं. ठिपक्यांचं पान सुधारलं नाही, ते सुधारत नसतंच. पण नंतरचा पोंगा स्वच्छ हिरवा आला. पोंग्याला जपा, कारण खोडाला तो एकच वाढता शेंडा असतो. तो गेला की झाड गेलं.

हे झाड मूळचं मॉरिशसच्या उत्तरेला असलेल्या राउंड आयलंडचं. तिथे माणसांनी सोडलेल्या बकऱ्या आणि सशांनी कोवळी रोपं खाऊन टाकली आणि जगभरच्या बागांत दिसणारा हा पाम स्वतःच्या बेटावर बोटांवर मोजण्याइतका उरला. १९७९ पर्यंत बकऱ्या आणि १९८६ पर्यंत ससे हटवले, तेव्हा कुठे नवी रोपं तग धरू लागली. इतक्या सावकाश वाढणाऱ्या झाडाचं रोपच खाल्लं गेलं, तर पुढची पिढी येणार कुठून? हे वाचल्यापासून मी त्याच्याकडे जास्त मायेने बघतो.

घेताना बाटलीसारखं फुगलेलं मोठं झाड बघून भुलू नका. ते महाग असतं आणि जमिनीतून उपटून कुंडीत भरलेलं असेल तर मुळं दुखावलेली असतात. कुंडीतच वाढलेलं लहान रोप घ्या, मधला पोंगा हलकेच हलवून घट्ट आहे ना ते बघा.