बॅलरॅट की बेंडिगो? मेलबर्नहून सोन्याच्या मुलखात रेल्वेने आणि मोटारीने

मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला मेलबर्नला आलेल्या आई-वडिलांचे शहर पाहून होते, समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोड होतो, आणि मग एखाद्या रविवारी घरात विषय निघतो तो सोन्याच्या खाणींच्या मुलखाचा. व्हिक्टोरिया राज्यातील बॅलरॅट आणि बेंडिगो ही दोन्ही गावे सोन्यामुळे वसली, दोन्ही मेलबर्नहून रेल्वेने एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत आणि दोन्हींच्या माहितीपत्रकांवरची छायाचित्रे जवळजवळ सारखीच दिसतात. त्यामुळे जे जवळ आहे ते पाहू, असे म्हणून बहुतेक कुटुंबे बॅलरॅटला जातात. हा निर्णय चुकीचाच असतो असे नाही. परंतु अंतर हा निवडीचा निकष धरला, तर ज्यांनी बेंडिगोला जायला हवे होते तेही बॅलरॅटला पोहोचतात, म्हणून या दोन गावांतील खरा फरक आधी समजून घेणे बरे.

हा फरक जमिनीखाली आहे. 1 जुलै 1851 रोजी व्हिक्टोरिया ही वसाहत न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच क्लून्स, बॅलरॅट, माउंट अलेक्झांडर आणि बेंडिगो अशा एकामागून एक ठिकाणी सोने सापडत गेले. त्या वर्षी सुमारे 77 हजार असलेली वसाहतीची लोकसंख्या 1861 पर्यंत 5 लाख 40 हजारांच्या घरात गेली. बॅलरॅटचे आरंभीचे सोने प्राचीन नद्यांच्या गाळात होते. फावडे, घमेले, पाणी आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर कोणालाही ते शोधता येत होते. आपल्याकडे सराफ कट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी जे करतात, तेच काम येथे हजारो माणसे ओढ्याकाठी ओळीने बसून करीत होती. बेंडिगोलाही पहिली काही वर्षे असाच गाळ धुतला गेला, पण त्या गावाची खरी दौलत गारगोटीच्या शिरांमध्ये, खोगिरासारख्या वाकलेल्या थरांत अडकलेली होती. ती काढण्यासाठी उभे खोल शाफ्ट, वाफेची इंजिने, गारगोटी कुटणारी यंत्रे आणि या सर्वांसाठी भागभांडवल लागत असे. एकट्या माणसाचे सोने आणि कंपनीचे सोने असा हा भेद आहे, आणि आजच्या पर्यटकाला दोन्ही गावांत जे दिसते ते बरेचसे त्यातूनच आलेले आहे.

बॅलरॅटमध्ये दिसते ती माणसांची गर्दी आणि त्या गर्दीचा संताप. सोने सापडो वा न सापडो, खोदणाऱ्या प्रत्येकाने दरमहा 30 शिलिंग परवाना शुल्क भरावे असा नियम होता आणि पोलीस परवाने तपासायला धाडी घालीत. त्यातून पीटर लेलर याच्या नेतृत्वाखाली खाणकऱ्यांनी लाकडांचे कुंपण उभारले आणि 3 डिसेंबर 1854 च्या पहाटे सैन्याने त्यावर हल्ला केला. युरेका स्टॉकेड या नावाने प्रसिद्ध असलेली ही चकमक जेमतेम पंधरा-वीस मिनिटे चालली, तीत किमान 22 खाणकरी मारले गेले आणि लेलरला एक हात गमवावा लागला. पुढे राजद्रोहाच्या खटल्यात उभे केलेले तेराही आरोपी सुटले, परवाना पद्धत गेली आणि हाच लेलर विधिमंडळात निवडून जाऊन 1880 मध्ये सभापती झाला. निळ्या कापडावर पांढरा क्रूस असलेला, कडांनी फाटलेला मूळ ध्वज आज युरेका सेंटरमध्ये अंधूक प्रकाशात ठेवलेला आहे. ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांनी त्यासाठी एक तास निश्चित राखून ठेवावा. गावातील सॉव्हरिन हिल या संग्रहालयात दिवस घालवणारी बहुतेक कुटुंबे हा ध्वज न पाहताच परततात आणि हे मला दरवेळी खटकते.

सॉव्हरिन हिल हे बॅलरॅटचे मुख्य आकर्षण आहे, मात्र ते काय आहे हे जाण्यापूर्वी नीट समजून घ्यावे. ते जुने गाव नव्हे. ते 1970 मध्ये खुले झालेले, 1850 च्या दशकातील वस्तीची मोठ्या काळजीने केलेली प्रतिकृती असलेले खुले संग्रहालय आहे. तेथे त्या काळच्या वेशातील माणसे वावरतात, घोडागाड्या धावतात, लाल डगल्यातील शिपाई संचलन करतात, भट्टीत वितळवलेले सोने सर्वांसमोर साच्यात ओततात आणि ओढ्यात घमेले घेऊन मुलांना स्वतः सोने शोधता येते. पाच ते बारा वर्षांची मुले बरोबर असतील तर पुढचे न वाचता बॅलरॅट ठरवून टाकण्यास हरकत नाही, कारण ओल्या वाळूत चमकलेला एक कण त्यांना जेवढा आनंद देतो तेवढा बेंडिगोतील कोणतीही इमारत देणार नाही. प्रवेशशुल्क मात्र भारी आहे, आणि सहा-सात तास तेथे काढणार असाल तरच ते वसूल होते. आठवड्यातील सुटीचा वार आणि शाळांच्या सुट्ट्यांतील वेळापत्रक आधी पाहून घ्यावे.

बेंडिगोतील सेंट्रल डेबोरा ही खाण प्रतिकृती नाही. 1939 ते 1954 अशी पंधरा वर्षे चाललेली, 17 मजले आणि 411 मीटर खोल असलेली ही खाण शहराच्या अगदी मध्यावर आहे आणि तिने सुमारे एक टन सोने दिले. डोक्यावर शिरस्त्राण आणि दिवा चढवून पिंजऱ्यातून 61 मीटर खाली नेणारी फेरी सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाला सहज जमते. याहून खोल, 228 मीटरपर्यंत नेणारी फेरीही आहे. ती महाग आहे, वेळखाऊ आहे आणि बंदिस्त जागेची भीती वाटणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. पायात बंद बूट हवेत आणि नोंदणी आधी करावी, एवढे पथ्य दोन्हींना लागू आहे. खाली दिवे मालवून काही क्षण पूर्ण काळोख करतात, तेव्हा हे काम करणाऱ्यांच्या आयुष्याची जी कल्पना येते, ती सॉव्हरिन हिलच्या उन्हात येत नाही. गुडघेदुखी असणाऱ्या ज्येष्ठांनी मात्र चालण्याचा आणि पायऱ्यांचा तपशील नोंदणी करतानाच विचारून घ्यावा.

बेंडिगोच्या पारड्यात आणखी एक गोष्ट पडते आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. या खाणक्षेत्राने सुमारे 2.2 कोटी औंस सोने दिले आणि त्यातला बराच पैसा गावाच्या दगडविटांत उतरला. 1897 चे शॅमरॉक हॉटेल, कॅथेड्रल, टपाल कचेरी आणि रोझलिंड पार्कमध्ये आणून उभा केलेला खाणीचा मनोरा हे सर्व पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. खाणीच्या दारातून जुनी ट्राम निघते. नेहमीची सेवा 1972 मध्ये बंद पडल्यावर ती पर्यटकांसाठी चालू ठेवण्यात आली आणि ती सावकाश सगळे गाव दाखवत पलीकडच्या टोकाला, लाल रंगाच्या चिनी देवळापर्यंत नेते. वाटेवर गोल्डन ड्रॅगन संग्रहालय आहे. 1855 मध्ये व्हिक्टोरियाने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंडांचा कर बसवला, तेव्हा तो चुकवण्यासाठी हजारो चिनी शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या मुलखात आले. त्या पायपिटीची आणि नंतर येथे रुजलेल्या समाजाची कहाणी या संग्रहालयात मिळते. परदेशी येऊन स्थायिक झालेल्या आपल्या माणसांनी ती पाहावी, असे मला आवर्जून वाटते.

आता प्रवासाकडे वळू. दोन्ही गाड्या मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकातून सुटतात. बॅलरॅटला सुमारे दीड तास लागतो, बेंडिगोला साधारण दोन तास. 31 मार्च 2023 पासून राज्यातील ग्रामीण रेल्वेच्या दैनिक भाड्यावर मेलबर्न शहराइतकीच कमाल मर्यादा घातलेली असल्यामुळे पैशाच्या दृष्टीने दोन्ही प्रवास सारखेच पडतात आणि दोन्हीकडे शहरातले मायकी हे प्रवासाचे कार्डच चालते. म्हणजे बेंडिगोसाठी जास्तीचा खर्च होतो तो फक्त वेळेचा, आणि तो वेळही वाया जात नाही, कारण हा मार्ग अधिक देखणा आहे. 1862 मध्ये पूर्ण झालेला हा लोहमार्ग इंग्लंडमधील मुख्य मार्गांच्या तोडीने, निळसर काळ्या पाषाणातील पूल आणि स्थानके बांधून उभारला होता. माउंट मॅसेडनच्या बाजूने गाडी चढते, वुडेंड आणि काइनटन मागे पडतात आणि माम्सबरीला ती पाच कमानींच्या दगडी पुलावरून जाते. गंमत अशी की गाडीत बसलेल्याला हा पूल दिसतच नाही. तो पाहायचा तर खाली उतरावे लागते, म्हणजे मोटारीने यावे लागते. (रुळांच्या रुंदीत रस असणाऱ्यांसाठी: येथील ब्रॉडगेज 1600 मिलिमीटरचा आहे, आपला 1676 चा.)

स्थानकावर उतरल्यानंतरचा फरक यापेक्षा महत्त्वाचा आहे. बेंडिगो स्थानकापासून सेंट्रल डेबोरापर्यंत चालत जाता येते आणि पुढचे काम ट्राम करते. बॅलरॅटला सॉव्हरिन हिल स्थानकापासून दोन-तीन किलोमीटर एका दिशेला आहे, युरेका सेंटर दुसऱ्या दिशेला आहे आणि दोन्ही एका दिवसात करायची तर शहरातील बसची वाट पाहावी लागते किंवा टॅक्सी करावी लागते. त्यामुळे मोटार नसेल तर बेंडिगो आणि मोटार असेल तर बॅलरॅट, हा माझा साधा कौल आहे. मोटारीने बॅलरॅट वेस्टर्न फ्रीवेने सुमारे 115 किलोमीटर आहे, बेंडिगो काल्डर फ्रीवेने सुमारे 150. घरून काल्डरकडे सिटीलिंकने जाणार असाल तर टोल लागतो, हे खर्चात धरावे. दोघांसाठी रेल्वेच स्वस्त पडते. चार-पाच जण असतील तर पेट्रोल आणि पार्किंग धरूनही मोटार परवडू शकते. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असल्यामुळे भारतातून आलेल्याला रस्त्याची भीती वाटू नये. मात्र संध्याकाळी उशिरा गावाबाहेरच्या रस्त्यावर वेग कमी ठेवावा, कारण कांगारू अचानक समोर येतात.

हाती दोन रात्री असतील तर प्रश्नच बदलतो. बॅलरॅट आणि बेंडिगो यांच्यामध्ये थेट प्रवासी रेल्वे नाही, दिवसाला मोजक्या कोच बस आहेत. पण मिडलँड हायवेने हे सुमारे 120 किलोमीटरचे अंतर मोटारीने कापताना मध्ये जे लागते तेच या मुलखाचे सर्वांत खरे रूप आहे. क्रेझिक, डेल्सफर्ड आणि मग कॅसलमेन, जेथे झुडपांत शिरले की शेकडो खड्डे आणि पडक्या चुली अजूनही जशाच्या तशा दिसतात. तेथून वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी मॉल्डनला जाते. सोने संपल्यावर मॉल्डनकडे जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा उरला नाही, म्हणून त्याचा मुख्य रस्ता टिकला आणि 1966 मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने त्याला राज्यातील पहिले उल्लेखनीय गाव ठरवले. येथे प्रवेशशुल्क नाही आणि वेश घालून कोणी वावरत नाही. सॉव्हरिन हिल पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी मॉल्डनला गेलात तर नक्कल कशाची केली होती ते कळते. वाफेची गाडी आठवड्यातील ठरावीक दिवशीच धावते आणि उन्हाळ्यात वणव्याचा धोका असेल त्या दिवशी वाफेऐवजी डिझेल इंजिन जोडले जाते किंवा फेरीच रद्द होते, तेव्हा सहलीचे दिवस हिच्या वेळापत्रकावरून ठरवावेत.

त्याच फेरीत वाकडी वाट करून मॉलियागुलला जावे का, असे मला अनेकदा विचारतात. 1869 मध्ये तेथे जमिनीखाली अवघ्या काही सेंटीमीटरवर सुमारे 72 किलोचा वेलकम स्ट्रेंजर हा गोळा सापडला, आणि एवढे वजन पेलणारा काटा जवळच्या डनॉली गावात नसल्यामुळे तो ऐरणीवर फोडावा लागला. गोष्ट फार सुंदर आहे. जागेवर मात्र एक स्मारकस्तंभ आणि माळरान एवढेच आहे. हौस असेल तर जावे, मुलांना नेऊ नये.

ऋतूचाही विचार करावा लागतो. बॅलरॅट उंचावर असल्याने जून ते ऑगस्टमध्ये तेथे वारा हाडांत शिरतो आणि सॉव्हरिन हिल बहुतांश उघड्यावर आहे. बेंडिगो जानेवारीत तापते, पण खाणीच्या पोटात गारवा असतो. ईस्टरच्या सुटीत बेंडिगोला 1871 पासून चालत आलेला उत्सव असतो आणि मिरवणुकीत भला मोठा ड्रॅगन निघतो. तो पाहण्यासाठी मुक्काम करायचा तर खोली काही महिने आधी घ्यावी लागते.

दिवस नक्की करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. लोहमार्गाच्या कामांसाठी या दोन्ही मार्गांवर अधूनमधून शनिवार-रविवारी गाड्यांऐवजी कोच बस सोडतात आणि प्रवास बराच लांबतो. बॅलरॅटच्या बाबतीत तो लांबलेला वेळ सोसता येतो. बेंडिगोच्या बाबतीत मात्र रेल्वेने जाण्याचे अर्धे सुखच निघून जाते, म्हणून अशा वेळी बेत पुढच्या आठवड्यावर ढकलावा किंवा सरळ मोटार काढून माम्सबरीला त्या पुलाखाली डबा खायला थांबावे.